‘अलैपायुदे’ मुलांबरोबर बघताना

तुमच्या घरात दहावी-अकरावीतलं पोर असेल, तर एखाद्या शनिवारी रात्री त्याच्याबरोबर ‘अलैपायुदे’ बघाच, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेकांना ही गोष्ट ‘साथिया’मुळे ठाऊक आहे, पण मूळ सिनेमा मणिरत्नमचा, तमिळ, एप्रिल 2000 मधला. तेव्हा आपण पंचविशीच्या आसपास होतो. रहमानची गाणी, चेन्नईच्या लोकल आणि माधवन! हा माधवन कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेला, बायकोही मराठी. त्यामुळे चेन्नईतल्या आम्हा मराठी बायकांना तो जावयासारखाच वाटतो. (घरातले पुरुष यावर हसतात. हसू द्या.)

जुने प्रेमपट मुलं बघणार नाहीत, ही भीती मनातून काढून टाका. इथे अण्णानगरच्या मॉलमध्ये 2010 चा ‘विण्णैत्तांडि वरुवाया’ पुन्हा लागला, तो हजार दिवस उतरला नाही. सिनेमा आला तेव्हा बालवाडीत असलेली पोरं तो बघायला जात होती. म्हणजे मुलं बघतातच, फक्त आपल्याशिवाय बघतात.

माझ्या सतरा वर्षांच्या लेकीनं ‘अलैपायुदे’ सुरू झाल्यावर थोड्याच वेळात मला अडवलं.

“आई, ती नको म्हणतेय ना? मग हा तिच्या मागे का लागलाय?”

“अगं, तो चांगला मुलगा आहे.”

“ते आपल्याला माहितीये. तिला कुठे माहितीये?”

मी गप्प. पंचविशीत मला त्या पाठलागात नुसतं प्रेम दिसलं होतं. खरं तर छेडछाडीत एका कॉलेजातल्या मुलीचा जीव गेल्यावर तमिळनाडूनं 1998 सालीच त्याविरुद्ध कायदा केला होता. सिनेमा त्यानंतरचा. आणि जून 2016 मध्ये चेन्नईतल्याच नुंगमबाक्कम स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर, सकाळच्या गर्दीच्या वेळी, कामावर निघालेल्या एका तरुण इंजिनिअर मुलीचा खून झाला. मागे लागलेल्या मुलावरच संशय होता. त्यानंतर तमिळ सिनेमातल्या ‘मागे लागणाऱ्या’ हीरोंवर इथे खूप बोललं गेलं. म्हणून सिनेमाची ही बाजू आज टिकत नाही, हे मुलांसमोर सरळ कबूल करा. ‘आमच्या काळी असंच असायचं’ म्हणून त्याला पांघरूण घालू नका. तुमच्या घरात मुलगा असेल, तर त्याच्यासमोर आधी.

आणि मग पुढचा सिनेमा बघा, कारण तो अजून शिळा झालेला नाही. नायक कार्तिकचं घर सुखवस्तू, नायिका शक्तीच्या घरी रेल्वेतल्या नोकरीवर चाललेला संसार. मुलांच्या हट्टापायी दोन्हीकडचे आईवडील भेटायला बसतात. कुणी कुणाला मारत नाही, कोंडून ठेवत नाही. सगळे सभ्य आहेत. तरीही बोलता बोलता कुणाचा तरी मान दुखावतो आणि बैठक मोडते. मग मुलं देवळात गुपचूप लग्न करतात आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं आपापल्या घरी परततात. हा प्रसंग आपल्या वयाच्या माणसांनी नीट बघावा. बैठकीत मुलांचं प्रेम हा विषय फारसा निघतच नाही, बोलणं असतं ते आपल्या आब-इभ्रतीचं. आपल्याकडे ‘बघण्याचा कार्यक्रम’ कितीदा असाच फिसकटतो, आठवून बघा.

लग्न उघडकीला आल्यावर शक्तीचे वडील तिला घराबाहेर काढतात. पुढे ते आजारी पडतात. कार्तिक तिची समजूत घालून तिला न्यायला निघतो, पण पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं. मणिरत्नम वडिलांना खलनायक करत नाहीत, हे मला फार मोठं वाटतं. ते फक्त रागावलेले आहेत, आणि राग उतरायला त्यांना वेळ मिळाला नाही.

मुलांसाठी खरा ऐवज आहे तो लग्नानंतरच्या भांडणांत. अर्धवट बांधलेल्या इमारतीतलं बिऱ्हाड, दोघांची दमणूक, कोण आधी बोलणार याची ओढाताण. गाणी संपल्यावर काय असतं, हे दाखवणारे प्रेमपट आपल्याकडे मोजकेच. लेकीला हेच आवडलं. ती म्हणाली, “हे खरं वाटतं.”

सिनेमा संपल्यावर लगेच दिवा लावून उपदेश सुरू करू नका. मी तोच करणार होते, पण तिनंच आधी विचारलं, “मी असं काही केलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?”

मी म्हटलं, “आधी त्या मुलाला जेवायला बोलावलं असतं. त्याच्या आईवडिलांना नंतर.”

तिनं बाबांकडे पाहिलं. ते प्रामाणिक गृहस्थ. म्हणाले, “मी आधी चिडलो असतो.”

“किती दिवस?”

त्यावर बाबांनी बराच हिशेब केला, आणि दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.