रानपाल्याचे बळ: बाटलीत नव्हे, ताटात



पहिले दोन-चार पाऊस झाले, की जव्हार-मोखाड्याच्या माळांवर आणि बांधांवर टाकळा उगवतो. पाठोपाठ कुर्डू, माठ, घोळ दिसू लागतात. वारली, कोकणा, कातकरी घरांत धान्य सरत आलेले असते, नेमक्या त्याच दिवसांत हा पाला हाताशी येतो. पोटाला आधार देण्यापलीकडे त्यात काय असते, ते या पाठात समजून घेऊ.

अँटिऑक्सिडंट म्हणजे काय?

चिरलेले सफरचंद उघडे राहिले तर तांबूस पडते. लिंबाचा रस चोळला, तर बराच वेळ पांढरे राहते. हवेतल्या प्राणवायूने होणारा हा बदल लिंबातले क जीवनसत्त्व रोखते. आपल्या शरीरातही अन्नापासून शक्ती तयार होताना ‘फ्री रॅडिकल’ नावाचे अस्थिर कण निर्माण होतात. तंबाखूच्या आणि चुलीच्या धुराने ते वाढतात व पेशींना इजा करतात. त्यांना आवर घालणारी द्रव्ये म्हणजे अँटिऑक्सिडंट.

कोणत्या पानात काय?

शेवग्याच्या पाल्यात बीटा-कॅरोटीन, क जीवनसत्त्व आणि क्वेरसेटिन असते. 100 ग्रॅम ताज्या पाल्यात क जीवनसत्त्व 100 मिलिग्रॅमच्या वर भरते. तेवढ्याच वजनाच्या संत्र्यापेक्षा जवळजवळ दुप्पट. घोळीत क आणि ई जीवनसत्त्वांबरोबर ओमेगा-3 स्निग्धाम्लही असते. लाल माठाचा रंगच मुळी अँटिऑक्सिडंट आहे.

मग गोळ्याच का देऊ नयेत?

फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठा अभ्यास झाला. 1994 साली निष्कर्ष आले, तेव्हा बीटा-कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के अधिक आढळला. अमेरिकेतला असाच एक अभ्यास 1996 मध्ये मुदतीआधी थांबवावा लागला. पानात ही द्रव्ये एकेकटी नसतात. चोथा, लोह, कॅल्शियम यांच्या सोबतीने, बेताच्या प्रमाणात येतात. म्हणून ‘या पाल्याने कर्करोग जातो, मधुमेह बरा होतो’ असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नये. खात्रीचे लाभ साधे आहेत: बीटा-कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते व रातांधळेपणा टळण्यास मदत होते, क जीवनसत्त्वामुळे अन्नातले लोह अंगी लागते. मात्र डॉक्टरांनी किंवा आरोग्यसेविकेने दिलेली लोहाची गोळी आणि बालकांचा अ जीवनसत्त्वाचा डोस पाल्याच्या भरवशावर चुकवू नये.

रांधताना

पाला आधी धुवावा, मग चिरावा. थोड्या पाण्यात, झाकण ठेवून, थोडाच वेळ शिजवावा. चमचाभर तेल घालावे, कारण त्याशिवाय बीटा-कॅरोटीन नीट शोषले जात नाही. ताटात वरून लिंबू पिळावे. नाचणीची भाकरी आणि डाळ सोबत असली म्हणजे जेवण पुरे होते.

जपून

मुतखडा असलेल्यांनी घोळ, माठ बेतानेच खावेत. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल, तर पालेभाजीचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. अनोळखी पान नुसते चित्र पाहून खुडू नये. पाड्यावरच्या जाणत्या बायांना विचारावे.

आपण काय करू शकतो?

आज पुष्कळ मुलांना रानभाजी म्हणजे गरिबीची खूण वाटते. दुकानातला बिस्किटाचा पुडा मानाचा आणि आजीने खुडलेला टाकळा लाजेचा, असे झाले तर चांगले अन्न दाराशी असून ताटाबाहेर जाईल. तेव्हा पाड्यावर पाहुणे म्हणून गेलात, तर आवर्जून रानभाजी मागा आणि मुलांदेखत आवडीने खा. व्हिटॅमिनच्या बाटल्या पाठवण्याचा विचार असेल, तर आधी तेथील आरोग्यसेविकेशी बोला. वसतिगृहाच्या आवारात पावसाच्या तोंडाशी शेवग्याची फांदी लावा. ती सहज जगते, आणि तिचा पाला मुलांच्या ताटात वारंवार येऊ शकतो.