पडद्यावरील नांव आणि कागदावरील हात

मिकी माऊस कोणीं काढला, असें कोणत्याहि वर्गांत विचारिलें, तर वॉल्ट डिस्ने हें एकच उत्तर ऐकूं येईल. हें उत्तर खोटें नाहीं, परंतु पुरेंहि नाहीं. मिकीचा स्वभाव आणि पुढें कित्येक वर्षें त्याचा आवाजहि डिस्ने यांचा. पण कागदावर त्याला प्रथम उभें केलें तें अब आयवर्क्स यांच्या हातानें. अमेरिकेंतील आरंभींच्या हलत्या व्यंगचित्रांचा, म्हणजे कार्टूनांचा, इतिहास चाळूं लागल्यास हा प्रकार वारंवार आढळतो. म्हणून या लेखांत आम्ही पात्रांच्या गमतींपेक्षां तीं पात्रें रेखाटणाऱ्या मंडळींचाच विचार करणार आहों.

प्रथम या कामाचे कष्ट ध्यानांत घेतले पाहिजेत. बोलपटांत दर सेकंदास २४ चित्रें पडद्यावर येतात. एकेका रेखाटनाचें छायाचित्र दोनदां घेऊन काटकसर केली, तरी सेकंदास १२ रेखाटनें लागतातच. सात मिनिटांच्या कार्टूनांत एकच पात्र सतत हलत राहावयाचें, तर किती रेखाटनें लागतील, हा गुणाकार विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. उत्तर पांच हजारांच्या वर जातें. विन्सर मॅके यांनीं १९१४ सालीं 'गर्टी' नांवाची डायनासोर-मादी पडद्यावर आणिली, तेव्हां तर मागील खडक व तळें हींसुद्धां प्रत्येक कागदावर पुनः काढावीं लागलीं. तें कंटाळवाणें काम जॉन फिट्झसिमन्स या तरुण सहाय्यकानें केलें. त्याच सुमारास अर्ल हर्ड यांनीं एक युक्ति शोधून काढिली: पात्र पारदर्शक सेल्युलॉइडवर काढावयाचें आणि तें एकाच पार्श्वचित्रावर ठेवून छायाचित्र घ्यावयाचें. या युक्तीनें श्रम वांचले. परंतु काम वांटलेंहि गेलें. पुढें पुढें तर एकानें मुख्य मुद्रा काढाव्या, दुसऱ्यानें मधल्या हालचाली भराव्या, तिसऱ्यानें शाई फिरवावी, चौथ्यानें रंग द्यावा, अशी रीत पडली. चित्रकाराच्या खोलीचा कारखाना झाला, आणि कारखान्याच्या मालावर नांव असतें तें मालकाचें.

फेलिक्स नांवाच्या काळ्या बोक्याची गोष्ट पाहा. तो १९१९ सालीं पडद्यावर आला. आपल्या शेपटीचें हवें तें हत्यार करणाऱ्या या बोक्याएवढी कीर्ति मिकीच्या पूर्वीं दुसऱ्या कोणत्याहि कार्टून-पात्रास मिळाली नव्हती. त्याचीं चित्रें न्यूयॉर्क येथें पॅट सलिव्हन यांच्या स्टुडिओंत तयार होत. पडद्यावर नांव झळके तें सलिव्हन यांचें. काम पाहत ते ऑटो मेसमर. सलिव्हन १९३३ सालीं वारले, तरी मेसमर यांनीं गवगवा केला नाहीं, आणि त्यांचा वांटा केवढा मोठा होता, हें जगास कळावयास कित्येक दशकें लागलीं. मूळ कल्पना सलिव्हन यांचीच, असें मानणारेहि लोक आहेत; परंतु बोक्याला चालविलें, विचार करावयास लाविलें तें मेसमर यांनीं, याविषयीं आम्हांस तरी शंका वाटत नाहीं.

स्वतः डिस्ने यांनाहि निराळ्या प्रकारचा चटका बसला होता. १९२७ सालीं त्यांनीं ऑस्वाल्ड नांवाचा ससा निर्माण केला. तो लोकांस आवडला. परंतु त्याचे हक्क युनिव्हर्सल कंपनीकडे होते. १९२८ च्या आरंभीं डिस्ने अधिक पैसे मागावयास न्यूयॉर्कला गेले, तों मध्यस्थ चार्ल्स मिंट्झ यांनीं उलट कमीच रक्कम देऊं केली. शिवाय डिस्ने यांचे बहुतेक चित्रकार त्यांनीं आधींच फोडले होते. ससा हातचा गेला. (तो डिस्ने कंपनीकडे परत आला २००६ सालीं!) आयवर्क्स मात्र डिस्ने यांजपाशींच राहिले, आणि मिकीचें पहिलें कार्टून 'प्लेन क्रेझी' त्यांनीं बहुतांशीं एकट्यानें रेखाटिलें. १८ नोव्हेंबर १९२८ रोजीं न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरांत 'स्टीमबोट विली' हें बोलकें कार्टून झळकलें. त्याच्या शीर्षकांत आयवर्क्स यांचें नांव होतें. तें नांव वाचलें असेल अनेकांनीं, पण ध्यानांत ठेविलें फार थोड्यांनीं. १९३० सालीं आयवर्क्स यांनीं वेगळा स्टुडिओ काढून 'फ्लिप' नांवाचा बेडूक पडद्यावर आणिला; त्याला मिकीची सर आली नाहीं, आणि १९४० सालीं ते डिस्ने यांजकडे परतले.

ससा गमावल्यानें हक्कांचें मोल डिस्ने यांस पुरतें कळलें होतें. हाताखालच्या कलावंतांस नांवाचें मोल किती वाटतें, हें कळावयास त्यांना विलंब लागला, असें आमचें मत आहे. बेटी बूप व पॉपाय यांच्या फ्लायशर स्टुडिओंत १९३७ सालीं संप होऊन गेला होता. २९ मे १९४१ रोजीं डिस्ने स्टुडिओंतहि शेंकडों कलावंत बाहेर पडले. पगारांतील तफावत आणि पडद्यावर नांव न येणें, या दोन्ही तक्रारी त्यांत होत्या. संघटनेच्या कामांत पुढें असलेले आर्ट बॅबिट, ज्यांनीं गूफीला त्याची ती विशिष्ट चाल दिली, त्यांस कामावरून दूर करण्यांत आलें, हें या संपाचें तात्कालिक कारण होय. अखेरीस डिस्ने यांस संघटना मान्य करावी लागली.

शाई व रंग यांच्या विभागांत बहुतेक तरुण स्त्रिया असत. चित्रकाराची रेघ न कांपतां सेल्युलॉइडवर उतरविणें हें सोपें काम नव्हे. १९३७ सालच्या 'स्नो व्हाइट' चित्रपटांतील पात्रांची प्रत्येक रेघ त्यांच्या हाताखालून गेली, पण चित्रपटाच्या नामावळींत त्यांचीं नांवें नाहींत. पुढल्या वर्षापासून तीं रंगविलेलीं सेल्युलॉइडें चौकटींत बसवून सॅन फ्रान्सिस्को येथील एका कलादालनामार्फत विकलीं जाऊं लागलीं. आज संग्राहक त्यांस मोठी किंमत देतात, आणि त्यांवरील रेघ कोणाच्या हाताची, हें बहुधा सांगतां येत नाहीं.