श्वासाचा पहारेकरी : नाक आणि नासाकोटरे

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील दोंडाईचा हे शहर सुरत–भुसावळ लोहमार्गावर वसलेले असून मिरचीची बाजारपेठ म्हणून खानदेशात सुपरिचित आहे. पावसाळा सरला की ओली लाल मिरची येथे येऊ लागते, मोकळ्या मैदानांवर वाळत घातली जाते आणि पुढील काही महिने वाळवणे, निवडणे, देठ खुडणे व पोती भरणे ही कामे अखंड चालू राहतात. या दिवसांत बाजारपेठेत पाऊल टाकणाऱ्या परगावच्या माणसाला पहिल्या काही क्षणांतच शिंका येतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागते. मिरची निवडणाऱ्या स्त्रिया मात्र नाकाशी पदर बांधून दिवसभर तेथेच बसलेल्या असतात.

नवख्याची ती शिंक आपण उपद्रव समजतो. वस्तुतः ती एका अत्यंत दक्ष पहारेकऱ्याने दिलेली हाक असते. मिरचीचा खकाणा, सरकी काढताना उडणारे कापसाचे तंतू, मळणीचा भुसा, चुलीचा धूर आणि उन्हाळ्यातील कोरडा वारा या साऱ्यांना खानदेशात सर्वप्रथम तोंड द्यावे लागते ते नाकाला. म्हणूनच या इंद्रियाची रचना व कार्य समजून घेणे हा केवळ शालेय अभ्यासाचा विषय नसून सार्वजनिक आरोग्याचाही विषय आहे.

नाकाची रचना

चेहऱ्यावर दिसणारे नाक हा या इंद्रियाचा लहानसा दर्शनी भाग होय. त्याचा वरचा भाग हाडाचा आणि खालचा लवचिक भाग कूर्चेचा असतो. हा बाह्य भाग पुन्हा घडविता येतो, याचा जगाला पटलेला दाखला महाराष्ट्रातीलच आहे. टिपू सुलतानाबरोबरच्या युद्धात कैद होऊन नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यातील एका कुंभार जातीच्या कारागिराने कपाळावरील कातडी वळवून नवे नाक करून दिले. त्याचा सचित्र वृत्तांत लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. बाह्य आकार असा पुन्हा घडविता येतो. आतील नाजूक अस्तर मात्र जपावेच लागते.

नाकपुड्यांच्या आत नाकाची पोकळी थेट घशाच्या वरच्या भागापर्यंत मागे जाते. मधला उभा पडदा तिचे दोन भाग करतो. प्रत्येक भागाच्या बाहेरील भिंतीवर शिंपल्यासारखी वळलेली, एकाखाली एक अशी तीन हाडे असतात. त्यांच्यामुळे आत आलेली हवा सरळ घशात न जाता वळणावळणाने जाते आणि तिचा अस्तराशी अधिक संबंध येतो. हे अस्तर ओलसर असून त्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते.

एक मनुष्य दिवसाकाठी सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. ही हवा घशापर्यंत पोहोचण्याच्या अत्यल्प अवधीत नाक तिच्यावर तीन संस्कार करते. थंड हवा शरीराच्या तपमानाजवळ आणली जाते, कोरड्या हवेला ओलावा दिला जातो आणि धुळीने भरलेली हवा गाळली जाते. नाकपुडीतील केस मोठे कण अडवितात. त्याहून बारीक कण अस्तरावरील चिकट शेंबडात अडकतात. अस्तराच्या पृष्ठभागावर पक्ष्माभिका नावाचे अतिसूक्ष्म केस असतात. ते दर सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून शेंबडाचा हा थर मिनिटाला काही मिलिमीटर या वेगाने घशाकडे सरकवीत नेतात. तेथून तो नकळत गिळला जातो आणि त्यातील बहुतेक जंतू जठरातील आम्लाने नष्ट होतात. शेंबूड हा शब्द आपण तुच्छतेने वापरतो. पण त्याच्यावाचून फुप्फुसांचे रक्षण होणार नाही.

दोन्ही नाकपुड्या एकाच वेळी सारख्या मोकळ्या नसतात. काही तास एक बाजू अधिक वाहते आणि दुसरीचे अस्तर किंचित फुगून विश्रांती घेते. मग पाळी बदलते. योगशास्त्रात इडा व पिंगला या नावांनी या डाव्या-उजव्या स्वरांचा विचार झालेला आहे. आधुनिक वैद्यकात या चक्राचे वर्णन जर्मन वैद्य रिचर्ड कायझर यांनी १८९५ मध्ये केले.

गंधज्ञान हे नाकाचे आणखी एक कार्य. पोकळीच्या छताशी असलेल्या काही चौरस सेंटिमीटर जागेत गंधपेशी असतात. वास ओळखणारी सुमारे ४०० प्रकारची ग्राहक-प्रथिने माणसात आहेत. या प्रथिनांच्या कुळाचा शोध लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये लावला आणि त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अन्नाची रुची बहुतांशी गंधावर अवलंबून असते. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. कोरोनाच्या साथीत गंधज्ञान गमावलेल्यांना या इंद्रियाची किंमत पुरेपूर कळली.

नासाकोटरे म्हणजे काय ?

नाकाच्या भोवतालच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांना नासाकोटरे किंवा बोलीत सायनस म्हणतात. त्यांच्या चार जोड्या आहेत. एक गालाच्या हाडात, दुसरी कपाळात भुवयांच्या वर, तिसरी नाक व डोळा यांच्या मध्ये बारीक बारीक कप्प्यांच्या स्वरूपात आणि चौथी नाकाच्या मागे खोलवर असते. जन्मतः यांतील काही अगदी लहान असतात; कपाळातील कोटरे तर बालपणी हळूहळू वाढत जाऊन तारुण्यात पूर्ण होतात. या पोकळ्यांमुळे डोक्याची हाडे हलकी राहतात आणि आवाजाला घुमारा येतो असे सांगितले जाते. त्यांच्या नेमक्या प्रयोजनाविषयी शास्त्रज्ञांत एकमत मात्र नाही.

गालातील कोटर सर्वांत मोठे. प्रौढ व्यक्तीत त्यात सुमारे १५ मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन चमचे पाणी मावेल. त्याची रचना विलक्षण आहे. हौदाची मोरी तळाशी असावी अशी आपली अपेक्षा असते. येथे ती छताजवळ आहे. आत तयार होणारा शेंबूड पक्ष्माभिका गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर चढवून त्या अरुंद दारातून नाकात सोडतात. सर्दीने अस्तर सुजले किंवा धूर व धुळीने पक्ष्माभिका दुबळ्या झाल्या, की हे दार बंद पडते. आत द्रव साचतो, त्यात जंतू वाढू शकतात आणि गाल जड होणे, वाकल्यावर दुखणे, नाक चोंदणे, घट्ट पिवळसर स्राव व वास न येणे ही लक्षणे दिसतात. वरच्या दाढांची मुळे या कोटराच्या तळाजवळ असल्याने किडलेल्या दाढेमुळेही हा विकार होऊ शकतो.

साध्या सर्दीबरोबर येणारा हा त्रास बहुधा विषाणूंमुळे असतो व आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरतो. त्यावर प्रतिजैविक औषधांचा उपयोग होत नाही. त्रास दहा दिवसांहून अधिक टिकला, बरे वाटून पुन्हा बळावला, तीव्र ताप आला किंवा डोळ्याभोवती सूज आली तर मात्र डॉक्टरांना दाखविणे आवश्यक आहे. प्रत्येक डोकेदुखी सायनसची नसते, हेही लक्षात ठेवावे. अर्धशिशीचे अनेक रुग्ण वर्षानुवर्षे तोच समज बाळगून असतात. नाक मोकळे करणारे थेंब तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरल्यास नाक उलट अधिकच चोंदू लागते.

मिरची, शिंक आणि सवय

मिरचीचा तिखटपणा ही चव नव्हे आणि वासही नव्हे. ती वेदना आहे. मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य नाकाच्या अस्तरातील उष्णता व वेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतविते. ते ज्या प्रथिनाला चिकटते त्याचा शोध अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये लावला. तेच प्रथिन सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या पुढील उष्णतेनेही चेतते. मिरची ‘जळते’ असे आपण म्हणतो ते शास्त्रीयदृष्ट्याही खरे आहे. ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हे मज्जातंतू चेतताच मेंदू शिंक, डोळ्यांचे पाणी व नाकाचा स्राव यांची आज्ञा देतो आणि त्रासदायक कण बाहेर फेकले जातात.

कॅप्सेसिनचा संपर्क वारंवार आला की हे मज्जातंतू बधिर होत जातात. म्हणूनच जुन्या कामगाराला नवख्याइतक्या शिंका येत नाहीत. ‘आम्हाला सवय झाली आहे’ हे त्याचे म्हणणे खरे असते. परंतु सवयीने शिंक कमी होते, धूळ कमी होत नाही. पहारेकरी ओरडेनासा झाला म्हणजे धोका टळला असे नव्हे. नाकाशी बांधलेला पदर किंवा रुमाल जाड कण अडवितो, बारीक धूळ मात्र त्यातून आत जाते. त्यासाठी चेहऱ्याला नीट बसणारी, बारीक धूळ गाळणारी मुखपट्टी हवी आणि ती वेळोवेळी बदलली पाहिजे.

घोळणा फुटणे

खानदेशचा उन्हाळा ४४-४५ अंशांपर्यंत पोहोचतो. कोरड्या हवेने अस्तराला भेगा पडतात आणि मधल्या पडद्याच्या पुढच्या भागातील रक्तवाहिन्यांतून रक्त येते. अशा वेळी रुग्णाला आडवे निजवून मान मागे टाकण्याची प्रथा चुकीची आहे. त्यामुळे रक्त घशात उतरते. रुग्णाला बसवावे, किंचित पुढे वाकवावे, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा ते पंधरा मिनिटे सतत दाबावा व तोंडाने श्वास घेण्यास सांगावे. तरीही रक्त थांबले नाही तर रुग्णालय गाठावे. प्रौढ व्यक्तीला वारंवार असे होत असल्यास रक्तदाब तपासून घ्यावा.

शिक्षकांसाठी

वर्गात सदैव तोंड उघडे ठेवून बसणारे, पेंगणारे, हाक दिल्यावर उशिरा ‘ओ’ देणारे एखादे मूल असते. त्याला मठ्ठ म्हणण्यापूर्वी त्याच्या नाकाचा विचार करावा. नाकामागील ग्रंथी वाढल्यास मुलाला नाकाने श्वास घेता येत नाही. रात्री ते घोरते, त्याची झोप पुरी होत नाही. घशापासून मधल्या कानाकडे जाणारी नलिका बंद झाल्याने त्याला कमी ऐकूही येते. हा दोष बुद्धीचा नसून उपचाराने सुधारणारा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत तपासणीचे पथक शाळेत येते, तेव्हा अशी मुले आवर्जून पुढे करावीत.

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर आत हरभरा, मणी, चिंचोका असे काही अडकले असावे असे समजावे. टाचणी वा काडीने ते काढू नये. वस्तू आणखी मागे जाते. खेळण्यातील गोल चपटा सेल नाकात गेला असेल तर काही तासांतच आतील पडदा भाजून भोक पडू शकते, म्हणून क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे.

२०२१ चा धडा

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ म्हणजे म्युकरमायकोसिसचे रुग्ण महाराष्ट्रात मोठ्या संख्येने आढळले. नाकात शिरलेली बुरशी नासाकोटरांतून टाळू, डोळा व मेंदूपर्यंत पसरते. अनियंत्रित मधुमेह व स्टिरॉइड औषधांचा अवाजवी वापर ही तिची मुख्य कारणे होती. मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने राज्यांना या रोगाची नोंद बंधनकारक करण्यास सांगितले. नाकात काळी खपली, गाल बधिर होणे, वरचे दात हलणे, एका डोळ्याला सूज किंवा दोन-दोन प्रतिमा दिसणे या खुणा मधुमेही व्यक्तीत दिसल्या तर आजही ती तातडीची वेळ समजावी.

गावपातळीवर काय करता येईल ?

ग्रामपंचायती, नगरपरिषदा व बाजार समित्या यांनी मनावर घेतल्यास पुष्कळ गोष्टी अल्प खर्चात होण्याजोग्या आहेत. मिरची वाळविण्याची व मळणीची जागा शाळा आणि वस्तीपासून दूर, वाऱ्याची दिशा पाहून ठरवावी. रहदारीच्या कच्च्या रस्त्यांवर हंगामात पाणी शिंपडावे. मिरची व कापसाच्या कामावरील स्त्री-पुरुषांना योग्य मुखपट्ट्या, सावली, पिण्याचे व हात-तोंड धुण्याचे पाणी मिळेल असे पाहावे आणि हंगामात एकदा तरी त्यांची नाक-घशाची तपासणी घडवून आणावी. घरोघरी धूररहित चुलीचा किंवा गॅसचा वापर नियमित होतो की नाही, याकडे लक्ष द्यावे. जलनेती करणाऱ्यांना पाणी उकळून कोमट केलेलेच वापरण्यास सांगावे.

बाजारपेठेची भरभराट दोंडाईच्याच्या हिताची आहेच. ज्यांच्या हातून ही मिरची निवडली जाते त्यांचा श्वास निर्वेध राहणे, हाही त्या भरभराटीचाच भाग मानला गेला पाहिजे. नाक आपले काम अहोरात्र करीतच असते. त्याच्यावरील भार हलका करणे हे आपले काम आहे.