मोशेचे जड झालेले हात

शास्त्रपाठ : निर्गम १७:८–१३



रफीदीम येथील लढाईची गोष्ट आपण संडेस्कूलपासून ऐकत आलो आहोत. खाली यहोशवा अमालेकांशी लढत आहे आणि वर टेकडीवर मोशे देवाची काठी हातात घेऊन उभा आहे. त्याचे हात वर असले की इस्राएलाची सरशी होते, खाली आले की अमालेकांची. या पाठावरचे संदेश बहुतेक वेळा प्रार्थनेच्या सामर्थ्यावर असतात, आणि ते योग्यच आहे. आज मात्र आपण बाराव्या वचनाजवळ थोडे थांबू या. मोशेचे हात जड झाले, असे तिथे सांगितले आहे. त्याचा विश्वास कमी पडला असे शास्त्र म्हणत नाही. तो माणूस थकला होता, एवढेच.

हे वचन मला सातपुड्यातल्या एका घरात नीट कळले. त्या पाड्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. घरात एक विधवा मावशी आणि तिचा चोवीस वर्षांचा मुलगा. मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याला कानात आवाज ऐकू येतात, रात्री झोप लागत नाही, कधी कधी उठून तो जंगलात निघून जातो. सुरुवातीला बडव्याकडे नेले, त्यात घरच्या दोन शेळ्या गेल्या. मग जिल्हा रुग्णालयातून गोळ्या सुरू झाल्या आणि बराच फरक पडला. पुढे दुसऱ्या गावच्या एका प्रार्थनासभेत कोणी तरी सांगितले की, गोळ्या घेणे म्हणजे अविश्वास. गोळ्या बंद झाल्या आणि काही आठवड्यांतच मुलगा पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत गेला. आम्ही त्याला पुन्हा रुग्णालयात नेले, औषध पुन्हा सुरू केले.

त्यानंतर मी दर महिन्याला त्या घरी जाऊ लागले. गोळ्या मोजायच्या, पुढची तारीख सांगायची, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची आणि पुढच्या पाड्याला निघायचे. माझ्या वहीत त्या घरापुढे सगळ्या नोंदी व्यवस्थित होत्या.

मोहाच्या दिवसांत एकदा मी सकाळी लवकर पोहोचले. मुलगा घराच्या खांबाला दोराने बांधलेला होता. मावशी टोपली घेऊन जंगलातून परत येत होती. मी रागावले. “मावशी, हा गुन्हा आहे,” असे म्हणाले. तिने टोपली खाली ठेवली, फुले वाळत घातली आणि मग मला म्हणाली, “ताई, मोह पहाटे पडतो. मी गेले नाही तर गुरं खातात. मी गेले तर हा नाल्याकडे जातो. तू सांग, काय सोडू?” थोड्या वेळाने तिने आणखी एक गोष्ट सांगितली. रात्री मुलगा उठला तर कळावे म्हणून ती स्वतःच्या लुगड्याचा पदर त्याच्या पायाला बांधून झोपत होती. असे तीन वर्षे चालले होते. त्या घरी मी कितीतरी वेळा गेले होते, पण तिला झोप मिळते का, हे एकदाही विचारले नव्हते.

दोर बांधणे चूकच होते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे मानसिक आजार असलेल्या माणसाला साखळदंडात जखडण्यास मनाई आहे. ही मनाई का हवी, हे आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन शिकले आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका आश्रयस्थानाला आग लागली, आणि साखळ्यांनी बांधून ठेवल्यामुळे पळता न आलेल्या रुग्णांसह २८ जणांचा मृत्यू झाला. पण मावशीच्या घरचा दोर मी कायदा सांगितल्यामुळे सुटला नाही. मंडळीतल्या चार घरांनी मोहाच्या दिवसांतल्या पहाटा वाटून घेतल्या, तेव्हा तो सुटला. कोणी अंगणात बसे, कोणी मुलाला बरोबर घेऊन फुले वेचायला जाई.

अहरोन आणि हूर यांनी काय केले, हे या अनुभवानंतर मी पुन्हा वाचले. त्यात आपल्यासाठी तीन धडे आहेत.

१. त्यांनी आधी दगड आणला. हात धरण्यापूर्वी त्यांनी मोशेला बसायला जागा केली. सांभाळणाऱ्या माणसाची पहिली गरज बहुधा विश्रांतीची असते. एक पूर्ण रात्र झोप, आठवड्याच्या बाजाराला निश्चिंतपणे जाता येणे, उपासनेला शेवटपर्यंत बसता येणे. रुग्णाजवळ एखाद्या ओळखीच्या, शांत माणसाने दोन तास बसले तरी हे होऊ शकते. मोशेने मदत मागितल्याचा उल्लेख या पाठात नाही. आपल्या पाड्यांवरच्या आयाबहिणीही मागत नाहीत. लाज वाटते, आणि आईला डाकीण ठरवले जाईल ही भीतीही असते. म्हणून आपणच विचारले पाहिजे.

२. ते दोन बाजूंना उभे राहिले. एकाने दोन्ही हात धरले असते तर तोही थकला असता. एकट्या पाळकावर किंवा एकट्या कार्यकर्तीवर हे काम टाकू नका. आणि प्रार्थना व औषध यांना एकमेकांविरुद्ध उभे करू नका. या आजारातील औषधांचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि बरे वाटते म्हणून ती मध्येच सोडली तर आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. औषध कमी करायचे की बंद करायचे, हे डॉक्टरांनीच ठरवावे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. तो कायदा बडव्याला लागू आहे तसाच आपल्यालाही आहे.

३. ते सूर्य मावळेपर्यंत थांबले. पहिल्या महिन्यात भेटीला येणारे पुष्कळ असतात. वर्षभराने कोण येते? हे आजार पुष्कळदा वर्षानुवर्षे चालतात. अशा वेळी “अजून बरा झाला नाही का?” हा प्रश्न आईला आरोपासारखा लागतो. घरात सतत टीका आणि रागाचे बोलणे असेल तर आजार उलटण्याची शक्यता वाढते, असे अभ्यासातून दिसले आहे. पण तीन वर्षे न झोपलेल्या आईला “रागावू नकोस” एवढेच सांगून काय उपयोग? तिचा भार हलका झाला तरच तिचे बोलणे मऊ होईल.

या कामात उपयोगी पडेल अशी काही माहितीही देते. टेली-मानस ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येते, आणि रुग्णाला सांभाळणारी व्यक्तीही स्वतःसाठी फोन करू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात मानसिक आजाराचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळाल्यास संजय गांधी निराधार अनुदान योजनेसारख्या योजनांसाठी अर्ज करता येतो. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था कुटुंबीयांचे आधारगट चालवते. ती सुरू करणारे डॉ. जगन्नाथ वाणी हे स्वतः पत्नीचा हा आजार सांभाळणारे गृहस्थ होते. ज्याने भार वाहिला, त्यालाच दुसऱ्याचा भार दिसला.

मावशीचा मुलगा पूर्ण बरा झाला, असे मी लिहू शकत नाही. गोळ्या चालू आहेत, काही दिवस चांगले जातात, काही कठीण जातात. पण गेल्या मोहाच्या दिवसांत खांबाला दोर नव्हता. आणि आता मी गेले की वही उघडण्याआधी विचारते, “मावशी, रात्री झोप झाली का?”

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत किंवा पाड्यावर कोणाचे हात असे जड झाले आहेत? गेल्या महिन्यात त्यांना कोण भेटले?

२. त्या घरासाठी ‘दगड’ कोणता? त्यांना नेमक्या कोणत्या वेळी विश्रांती हवी आहे, हे त्यांनाच विचारले आहे का?

३. वर्षभर पाळी वाटून घेतील अशी चार घरे आपल्याकडे आहेत का?

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, जे आजारी आहेत त्यांची आम्ही तुला आठवण करतो, आणि जे त्यांच्या उशाशी जागतात त्यांचीही. त्यांचा थकवा पाहण्याची दृष्टी आम्हाला दे, आणि सूर्य मावळेपर्यंत थांबण्याची शक्ती दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.