एका डिस्कच्या वांटण्या

ज्या घरांत संगणक एकच, आणि त्यावरच वडिलांचे हिशेब, आईनें जपलेलीं छायाचित्रें व मुलांचा अभ्यास हें सर्व नांदतें, अशा घरांतून आम्हांस अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारण्यांत येतो. विंडोज १० ह्या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. विंडोज ११ साठीं टीपीएम २.० नांवाची सुरक्षायोजना यंत्रांत असावी लागते व ती पुष्कळ जुन्या संगणकांत नाहीं. तेव्हां जुनें विंडोज तसेंच ठेवून त्याच डिस्कवर लिनक्स बसवितां येईल काय, आणि आंतील माहितीस धक्का तर लागणार नाहीं ना, असा तो प्रश्न होय. बसवितां येतें, परंतु वांटणी म्हणजे काय हें आधीं नीट समजून घेतलें पाहिजे.

हार्ड डिस्क ही लहान लहान खान्यांची एक लांबच लांब रांग आहे अशी कल्पना करावी. ह्या खान्यास सेक्टर म्हणतात व जुन्या पद्धतीप्रमाणें त्यांत ५१२ बाइट माहिती मावते. वांटणी करितांना ह्या रांगेंत कोणतीहि भिंत उभी राहत नाहीं. अमुक क्रमांकापासून अमुक क्रमांकापर्यंतचे खाने विंडोजचे, त्यापुढील लिनक्सचे, एवढी नोंद डिस्कच्या आरंभीं केली जाते, इतकेंच. आपल्याकडील सात-बाराच्या उताऱ्यासारखाच हा प्रकार आहे. उतारा फाटला म्हणून शेतांतील माती नाहींशी होत नाहीं. बांध कोठें होता हें मात्र सांगतां येत नाहीं. म्हणून चुकून नोंद पुसली गेल्यास त्या डिस्कवर कांहींएक न लिहितां ती तशीच जाणकाराकडे न्यावी. जुने बांध पुष्कळदां शोधून काढतां येतात. तिच्यावर नवी प्रणाली बसविली, तर उभें पीक नांगरलें गेलें असें समजावें.

ही नोंदवही १९८३ सालची. त्या वर्षीं आय.बी.एम. कंपनीच्या पीसी एक्सटी ह्या यंत्राबरोबर १० मेगाबाइटची हार्ड डिस्क मिळूं लागली, आणि डॉस २.० ह्या प्रणालीनें डिस्कच्या पहिल्याच सेक्टरांत वांटण्यांचा तक्ता ठेवला. त्याचा हिशेब विद्यार्थ्यांनीं पाटीवर मांडून पाहण्याजोगा आहे. ५१२ बाइटांपैकीं ४४६ संगणक सुरू करण्याच्या आज्ञांकडे गेले, अखेरचे २ ओळखखुणेकडे गेले, उरले ६४. एका नोंदीस १६ लागतात, म्हणून नोंदी चारच! जुन्या डिस्कवर चारांहून अधिक मुख्य वांटण्या होत नाहींत, ह्याचें सारें गूढ एवढेंच आहे. पुढें एका वांटणीच्या पोटांत पोटवांटण्या करण्याची युक्ति निघाली. दुसरी अडचण मात्र युक्तीनें टळण्यासारखी नव्हती. खान्याचा क्रमांक लिहिण्यास ह्या तक्त्यांत ३२ बिटांचीच जागा आहे. म्हणजे खाने झाले २ चा ३२ वा घात, सुमारें ४२९ कोटि. त्यांस ५१२ नीं गुणिलें असतां सुमारें २.२ टेराबाइट येतात, व त्यापलीकडील डिस्क ह्या तक्त्यांत मांडतां येत नाहीं. नव्या यंत्रांत म्हणून जीपीटी नांवाचा तक्ता असतो. त्यांत सामान्यतः १२८ नोंदींची सोय असून त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटीं ठेविलेली असते.

आतां प्रत्यक्ष कृति. डिस्कवर ५०० गिगाबाइट असें छापलेलें असतां विंडोज ४६५ च दाखवितें. ह्यांत दुकानदाराची लबाडी नाहीं. कारखानदार १००० च्या पटीनें मोजतो व विंडोज १०२४ च्या. ह्यांपैकीं २०० विंडोजकडे राहूं द्यावे, लिनक्सला ५० पुरेत, आणि उरलेली जागा दोघांचें सामायिक कोठार करावी. लिनक्सची नेहमींची मांडणी विंडोजला आपण होऊन वाचतां येत नाहीं. विंडोजची एनटीएफएस मांडणी मात्र लिनक्स वाचतें व लिहितेंहि. तेव्हां कोठार एनटीएफएसचें असावें हें उघड आहे.

पण ह्या सर्वांच्या आधीं सर्व फायलींची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर काढून ती कपाटांत ठेवावी. ह्याबाबतींत आम्ही कोणाचेंहि ऐकत नाहीं. आमच्या एका विद्यार्थ्यानें लिनक्स बसवितांना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ ह्या पर्यायावर घाईनें बोट ठेविलें, आणि त्याच्या दिवंगत आजीचें एकहि छायाचित्र त्या घरांत उरलें नाहीं. जागा कमी करण्याचें काम विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंट ह्या साधनानें करावें. वांटणीचा आरंभ सरकवूं नये. तसें केल्यास आंतील सर्व माहिती उचलून हलवावी लागते, व मध्येंच वीज गेली तर अर्धी इकडे अर्धी तिकडे अशी गत होते. बिटलॉकरचें कुलूप लावलेलें असेल, तर त्याची ४८ अंकी किल्ली आधीं कागदावर उतरून घ्यावी.

दोन्ही प्रणाली नव्यानें घालावयाच्या असल्यास विंडोज आधीं व लिनक्स मागाहून; विंडोज बसतांना पहिला मान स्वतःकडेच घेतें. मागाहून आलेलें लिनक्स ग्रब नांवाचा द्वारपाल दारांत बसवितें, व यंत्र सुरू होतांच तो कोणास आंत सोडूं असें विचारतो. एका वेळीं एकच प्रणाली चालते हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावें, कारण त्यामुळें विंडोज पुरतें न मिटतां अर्धनिद्रेंत राहतें, आणि अशा स्थितींत लिनक्सनें त्याच्या वांटणींत लिहिल्यास फायली बिघडतात.

एवढें झाल्यावर विंडोजचें घड्याळ साडेपांच तास मागें पडलेलें दिसेल. यंत्र बिघडलें नाहीं. लिनक्स आंतील घड्याळांत जागतिक प्रमाणवेळ ठेवितें, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतें, आणि भारताची वेळ तिच्या साडेपांच तास पुढें आहे. स्थानिक वेळ ठेवण्याची आज्ञा लिनक्सला एकदां दिली म्हणजे दोघांचें घड्याळ जुळतें.