अबोल्याचा घाव

मुलग्यांचे भांडण हातघाईवर येते, म्हणून ते गुरुजींच्या दृष्टीस पडते. मुलींमधील छळ मात्र बहुधा निःशब्द असतो. मधल्या सुट्टीत एकीस डब्याच्या पंगतीबाहेर ठेवणे, तिच्याशी कट्टी करण्यास इतरांस भाग पाडणे, पाठीमागे कुजबुजणे, एवढ्यानेही कोवळे मन शाळेस विटते.

एखाद्यास समाजाने वाळीत टाकणे हा महाराष्ट्राने २०१६ च्या कायद्याने गुन्हा ठरविला. तेच वर्गात घडले, तर पोरखेळ म्हणून सोडून द्यावे काय?

फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात सिद्ध झालेल्या 'कीवा' या शालेय उपक्रमाचे मर्म ध्यानी घेण्याजोगे आहे. छळणाऱ्यास समज देऊन तो थांबत नाही. भोवती उभे राहून पाहणाऱ्या मुलांनाही तो पीडिताची बाजू घेण्यास शिकवितो. कारण त्यांच्या हसण्यानेच छळणाऱ्यास जोर येतो.

यास्तव सायंकाळी कन्येस "आज किती गुण मिळाले?" एवढेच न विचारता, "आज एकटी कोण बसली होती?" असेही मातापित्यांनी विचारावे. वाळीत टाकणारी आपलीच कन्या निघाली, तर तिला पाठीशी घालू नये. प्रेमाने परंतु स्पष्टपणे समजवावे. उद्या तिने त्या मुलीशेजारी बसून डबा उघडावा. दयेचा पहिला पाठ तेथेच गिरविला जाईल.