खंडेनवमीच्या आधी ट्रॉली जॅकवर घ्या

घटस्थापना झाली की कारखान्यांच्या बॉयलर अग्निप्रदीपनाच्या बातम्या येऊ लागतात आणि ऊस वाहतुकीचे करार केलेल्यांची धांदल उडते. ट्रॅक्टर गॅरेजला जातो, ऑइल बदलून येतो, खंडेनवमीला त्याला हार चढतो. ट्रॉल्या मात्र मागच्या हंगामाचा पट्टा पडल्यापासून बांधाला उभ्या असतात. चार पावसाळी महिने अंगावर घेऊन, टायरात हवा भरली की थेट फडात.

नांगरटीच्या ट्रॅक्टरची देखभाल इंजिनापासून सुरू करावी, हे बरोबरच. ओढीच्या ट्रॅक्टरची मात्र मागून पुढे करत यावी, असं माझं मत आहे. इंजिन बिघडलं तर गाडी उभी राहते. हब, पिन किंवा ब्रेक गेला तर ती उभी राहत नाही.

म्हणून पहिलं काम हबचं. ट्रॉलीचं एकेक चाक जॅकवर उचला, खाली लाकडी ठोकळा द्या. चाक हाताने फिरवून कान द्या. खरखर आली तर बेअरिंगमध्ये पाणी गेलंय असं समजा. मग चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर टोपी काढा, जुनं ग्रीस डिझेलने धुऊन बेअरिंग पूर्ण सुकवा आणि नवीन ग्रीस बोटांनी गोळ्यांच्या आत दाबून भरा. नुसतं वरून फासलेलं ग्रीस आत पोहोचत नाही. नट घट्ट आवळून किंचित मागे घ्या आणि कॉटर पिन नवीनच घाला, जुनी सरळ करून नको. पहिल्या खेपेनंतर हबजवळ हात न्या. हात ठेववत नसेल इतकं गरम असेल तर नट जास्त आवळलाय किंवा बेअरिंग संपलंय.

दुसरी गोष्ट पिनची. हुकाची पिन मधोमध झिजते आणि भोक लांबट होतं. मग प्रत्येक खड्ड्यात ट्रॉली मागून धक्का देते, आणि दुसरी ट्रॉली तर रस्ताभर शेपटीसारखी हलते. पिनच्या जागी सळईचा तुकडा किंवा जुना बोल्ट घातलेले ट्रॅक्टर दर हंगामात दिसतात. असा जुगाड उताराला सुटतो. योग्य जाडीची पिन, खाली क्लिप आणि जोडीला साखळी, एवढं हवंच. ओढ नेहमी खालच्या हुकावरच द्या. वरच्या लिंकला जोडलं की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं.

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. सगळा ऊस थांबवायचा तो ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी. पावसाळ्यात चिखलणीला वळणं घ्यायची म्हणून ब्रेकचे पेडल सुटे केलेले असतात. ते रस्त्यावर येण्याआधी लॅचने एकत्र जोडा. मोकळ्या मैदानात हळू चालवून ब्रेक दाबा आणि मातीवरच्या खुणा पाहा. एक चाक आधी धरत असेल तर ब्रेक जुळवून घ्या, नाहीतर भरल्या ट्रॉलीखाली ट्रॅक्टर आडवा होतो. घाट ज्या गियरने चढाल, त्याच गियरने उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं आणि क्लच दाबून उतरणं, दोन्ही सारखंच घातक.

टायरची हवा शेतात कमी ठेवलेली असते, ती पुस्तिकेत वाहतुकीसाठी दिलेल्या आकड्यापर्यंत वाढवा. पुढचं तोंड हलकं वाटत असेल तर पुढची वजनं बसवा.

आता इंजिन. इथे उसाचा खरा शत्रू पाचट. त्याचा चुरा रेडिएटरच्या जाळीत बसतो आणि इंजिन तापतं. हवा किंवा पाणी पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारा. समोरून मारलं की चुरा आणखी आत जातो. एअर क्लीनर तेलातला असेल तर वाटीतला गाळ काढून तेल खुणेपर्यंत भरा. सुक्या फिल्टरला आतून बाहेर हलकी हवा द्या, तो आपटू नका. पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेचं पाणी होऊन तळाशी साचतं. ते सोडा आणि डिझेल फिल्टर बदलून नीट हवा काढा. जानेवारी 2023 पासून 50 एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-4 ही धुराची मानकं लागू झाली आणि त्यासाठी अनेकांत कॉमन रेल इंजिन आलं. तुमचा ट्रॅक्टर कॉमन रेलचा असेल तर कॅनमधलं गढूळ डिझेल त्याला अजिबात चालत नाही, आणि सेन्सरच्या वायरींवर प्रेशरचं पाणीही नको.

ऑइल अनेक ट्रॅक्टरांना 250 तासांनी बदलतात. पण जुना यांत्रिक मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर तास मोजतो. कारखान्याच्या रांगेत रात्रभर इंजिन धडधडत ठेवलं तर मीटर घड्याळाच्या मागे राहतो आणि ऑइल मात्र काळं होत जातं. रांगेत इंजिन बंद करा. सुरूच ठेवायची सवय असेल तर ऑइल लवकर बदला.

शेवटच्या ट्रॉलीचे दिवे आणि रेडियम पट्ट्या मागे लोंबणाऱ्या उसाआड जातात. उसाच्या टोकालाच रेडियम लावलेली लाल फडकी बांधा, आणि गव्हाणीपुढे नंबर लागला की ती आधी सोडून घ्यायला ड्रायव्हरला सांगून ठेवा.